करोनाकाळातली सुपरमार्केटं: शेल्फं नक्की कोणी रिकामी केली?

शेवंती_लेस्टर

मार्च २०२० मध्ये मी इंग्लंडमधल्या लेस्टरला एमएस्सी करत होते आणि एका मोठ्या सुपरमार्केटात संध्याकाळी उशिरापर्यंत शेल्फं भरायचं काम करत होते. दुकानाचं नाव लिहीत नाही. परवा इथल्याच एका धाग्यावर कोणीतरी लिहिलं होतं, "मूठभर हावरटांनी साठेबाजी केली म्हणून बाकीच्यांचे हाल झाले." हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता गप्प बसवत नाही. दुकानाच्या आतून जे दिसलं ते वेगळं होतं.

आधी असं दुकान चालतं कसं ते सांगते. सुपरमार्केटच्या मागे मोठं गोदाम असतं असा बहुतेकांचा समज आहे. तसं काही नसतं. मागची खोली अगदी बेताची असते. आज काय आणि किती विकलं गेलं त्यावरून संगणक पुढची मागणी काढतो, ट्रक येतो, आणि माल चाकांच्या उंच पिंजऱ्यांतून (आम्ही त्यांना केज म्हणायचो) जवळजवळ थेट शेल्फवर जातो. टॉयलेट रोलची पाकिटं फार जागा अडवतात, त्यामुळे शेल्फवर मोजकीच मावतात. रोजच्यापेक्षा थोडी जास्त गिऱ्हाइकं आली आणि प्रत्येकाने एकच पाकीट जादा उचललं, तरी दुपारपर्यंत तिथली मागची पत्र्याची भिंत दिसायला लागते. माल देशातून संपलेला नसतो. कारखान्यात असतो, वाटेत असतो. पण उघडं शेल्फ पाहिलं की माणूस धसकतो, फोटो काढतो, तो ग्रुपवर टाकतो, आणि संध्याकाळी त्या ग्रुपातली माणसं दारात हजर.

कॅन्टार या बाजार-पाहणी करणाऱ्या संस्थेने पुढे आकडे प्रसिद्ध केले. १६ ते १९ मार्च या चार दिवसांत ब्रिटनमधल्या ८८ टक्के घरांतून कोणी ना कोणी किराणा आणायला बाहेर पडलं, आणि एरवीपेक्षा ४ कोटी २० लाख खेपा जास्त झाल्या. भरमसाट माल नेणारे किती होते? सुका पास्ता घेणाऱ्यांमध्ये ३ टक्के, द्रवसाबण घेणाऱ्यांमध्ये ६ टक्के. म्हणजे हावरट होते, नव्हते असं नाही, पण शेल्फं रिकामी केली ती बाकीच्या साध्यासरळ गिऱ्हाइकांनी. जादाची एक खेप आणि पिशवीत जादाच्या दोन वस्तू, एवढ्यानेच.

मला एक प्रसंग अजून डोळ्यांसमोर दिसतो. पास्ता आणि तांदळाचा केज मी मागच्या दारातून बाहेर ढकलला. चार-पाच जण दारापाशीच उभे होते, ते केजच्या दोन्ही बाजूंनी माझ्याबरोबर चालायला लागले. माल प्लॅस्टिकच्या वेष्टनात गुंडाळलेला असतो, तो जागेवर नेऊन सुरीने कापायचा असतो. मी सुरी काढेपर्यंत एक बाई नखांनी ते प्लॅस्टिक उकरायला लागल्या. साठीच्या असतील, नीटनेटका कोट, गळ्यात चष्म्याची साखळी. उकरता उकरता मला म्हणत होत्या, "सॉरी डक, सॉरी." (लेस्टरकडे मायेने कोणालाही डक म्हणतात.) भोकातून हात घालून त्यांनी दोन पाकिटं काढली आणि मान खाली घालून निघून गेल्या. दोनच. त्यांना साठेबाज म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पण त्या केजमधून एकही पाकीट शेल्फपर्यंत पोचलं नाही, हेही तितकंच खरं.

हाल झाले ते सकाळी येऊ न शकणाऱ्यांचे. दार उघडायच्या आधीच रांग असायची, आणि ब्रेड, अंडी, पास्ता, पॅरासिटामॉल बघता बघता संपायचं. रात्री येणारी माणसं वेगळी. इस्पितळातून सुटलेल्या परिचारिका, बसचालक, वृद्धाश्रमात काम करणाऱ्या बायका, टॅक्सीवाले. दिवसभर इतरांसाठी राबून आलेली माणसं, आणि त्यांच्यासाठी कोणालाच नको असलेल्या सॉसच्या बाटल्या. त्याच आठवड्यात अतिदक्षता विभागातल्या एका परिचारिकेचा रडतानाचा व्हिडिओ देशभर फिरला. लांबलचक ड्यूटी संपवून ती दुकानात गेली तर फळं-भाज्याच नव्हत्या. मी तो पाहिला तेव्हा मला नवल वाटलं नाही, कारण तशाच बायका मी रोज पाहत होते. त्या रडत नव्हत्या इतकंच.

दुसरे हाल झाले ते हातावर पोट असणाऱ्यांचे, ज्यांना एकदम पंधरा दिवसांचं सामान भरताच येत नाही. आमच्या दाराशी फूड बँकेसाठी (म्हणजे गरजूंना फुकट शिधा देणाऱ्या संस्थेसाठी) एक मोठी पेटी होती. गिऱ्हाइकं बाहेर पडताना तिच्यात एखादा डबा, एखादं पाकीट टाकायची. त्या पंधरवड्यात ती जवळजवळ रिकामीच राहिली. याचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं, कारण आत ट्रॉल्या तर ओसंडून चालल्या होत्या.

तुमच्याकडे काय झालं? मुंबई-पुण्यात, गावी, परदेशात. लोक एकमेकांशी आणि दुकानातल्या नोकरांशी कसे वागले ते लिहा.

पाऊलवाट_पुणे

चांगला धागा. पुण्यातलं सांगतो.

२४ मार्चला पंतप्रधानांचं रात्री आठचं भाषण. मध्यरात्रीपासून २१ दिवस सगळं बंद. भाषण संपायच्या आत आमच्या सोसायटीच्या जिन्यात पावलं वाजायला लागली. किराणा-दूध चालू राहणार हे सरकारने त्याच रात्री जाहीर केलं होतं, पंतप्रधानांनी घाबरून खरेदी करू नका असं ट्वीटही केलं, पण तोवर माणसं पायऱ्या उतरली होती. कोपऱ्यावरच्या वाण्याकडे एवढी झुंबड की तो शटर अर्धं ओढून आतून सामान देत होता. साथ पसरू नये म्हणून बंद, आणि बंदच्या घोषणेमुळेच शेकडो लोक खांद्याला खांदा लावून उभे. हे टाळता आलं असतं असं मला आजही वाटतं. आधी काय चालू राहणार ते सांगायचं, मग काय बंद होणार ते.

पुढच्या आठवड्यांत मात्र शिस्त आली. डीमार्टबाहेर फुटपाथवर चुन्याने आखलेले चौकोन, त्यात एकेक माणूस, उन्हात तासन् तास. दारात तापमान बघणारी बंदूक, हातावर सॅनिटायझर, आत ठरावीकच माणसं. आत कपडे, भांडी, खेळणी यांचे विभाग दोरी बांधून बंद केलेले. लहान मुलांच्या चड्ड्या-बनियन समोर दिसतायत आणि विकायला मनाई. माझ्या पुढच्या एका बाईंचं बाळ महिन्याभराचं होतं, त्या तिथल्या मुलाशी हुज्जत घालत होत्या. तो बिचारा कानकोंडा होऊन उभा. नियम त्याने केला नव्हता आणि तिची गरजही खोटी नव्हती.

घरी आल्यावरचं तर सगळ्यांनाच आठवत असेल. दुधाच्या पिशव्या साबणाने, भाजी मिठाच्या पाण्यात, नोटा गॅलरीत वाळत, पुडे दोन दिवस दाराबाहेर. प्लॅस्टिकवर विषाणू ७२ तास टिकतो हे प्रयोगशाळेतलं निरीक्षण घराघरात पोचलं होतं. पुढे एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने सांगितलं की पृष्ठभागाला हात लावून लागण होण्याची शक्यता दर स्पर्शाला दहा हजारांत एकाहूनही कमी. तोवर आमच्याकडच्या बायकांच्या हातांची सालं निघाली होती.

निशिगंध७

वाचनखुणेत साठवलं. फूड बँकेच्या पेटीबद्दल वाचून गलबललं.

अनिकेत_मेलबर्न

ऑस्ट्रेलियात हे ब्रिटनच्याही आधी सुरू झालं. मार्च २०२० च्या पहिल्याच आठवड्यात टॉयलेट रोल गायब. वूलवर्थ्स या सुपरमार्केट साखळीने ४ मार्चला माणशी चार पाकिटांची मर्यादा घातली, पुढे ती आणखी कमी केली. गंमत करायची म्हणून डार्विनच्या एन.टी. न्यूज या वृत्तपत्राने आठ कोरी पानं जादा छापली, गरज पडल्यास वापरा म्हणून. जगभर हसले लोक. मला हसू आलं नाही, कारण त्या आठवड्यात मी शेजारच्या आजोबांसाठी चार दुकानं पालथी घातली होती. त्यांच्या बायकोला आतड्याचा आजार. त्यांच्यासाठी ती चैन नव्हती.

मुद्दा असा की ऑस्ट्रेलिया आपले बहुतेक टॉयलेट रोल देशातच बनवतो. तुटवडा व्हायचं कारणच नव्हतं. १८ मार्चला पंतप्रधान मॉरिसन यांनी चक्क दरडावून सांगितलं की साठेबाजी थांबवा, हे ऑस्ट्रेलियन माणसाला शोभत नाही. माझ्या मते त्याचा उलटा परिणाम झाला. पंतप्रधान साठेबाजीबद्दल बोलतायत म्हणजे साठेबाजी चाललीय, म्हणजे आपल्यालाही जायला हवं.

उपयोग झाला तो १७ मार्चपासून सुरू झालेल्या सकाळी ७ ते ८ या राखीव तासाचा. फक्त वृद्ध आणि अपंग. पहिल्या दिवशी त्या तासालाही रांगा होत्या आणि काही ठिकाणी शेल्फं पुरती भरलेली नव्हती, पण धक्काबुक्की नव्हती. शेजारच्या आजोबांना त्या तासाने तगवलं.

ठोकताळा

शेवंतीताई, तुमचं म्हणणं थोडं भाबडं वाटलं. साठेबाज नव्हतेच म्हणता? मग मास्क आणि सॅनिटायझरचं काय? आपल्याकडे १३ मार्चला सरकारला ते जीवनावश्यक वस्तू कायद्याखाली आणावे लागले आणि २१ मार्चला भाव बांधून द्यावे लागले. तीन पदरी मास्क १० रुपये, २०० मिलि सॅनिटायझर १०० रुपये. हे भाव बांधावे लागले कारण दुकानदार वाट्टेल ते लावत होते. आमच्या इथल्या एका औषधवाल्याने साधा कापडासारखा मास्क काळ्या बाजारातल्या तिकिटासारखा विकला. हे तर उघड उघड पाप आहे.

शेवंती_लेस्टर

@ठोकताळा, ते पापच. त्याबद्दल दुमत नाही. इकडेही काही कोपऱ्यावरच्या दुकानांत कणकेच्या १० किलोच्या पोत्याचा भाव रातोरात वाढला, आणि तेही आपल्याच माणसांच्या दुकानांत, जिथे गिऱ्हाईक चाचा-मावशी म्हणत जातं. स्पर्धा आयोगाला अशा तक्रारींसाठी वेगळं पथक नेमावं लागलं. पण तो विकणाऱ्याचा लोभ झाला. मी लिहिलं ते घेणाऱ्यांबद्दल. दोन्ही एकत्र केले की विकणाऱ्याचा गुन्हा घेणाऱ्याच्या माथी बसतो, आणि घेणाऱ्याची भीती लोभ म्हणून खपते.

गव्हाची_ओंबी

न्यू जर्सीतून लिहितेय, आणि जरा स्पष्ट लिहिते. आम्ही जास्तीचं सामान घेतलं आणि त्याबद्दल मला अपराधी वाटत नाही.

घरात सहा माणसं. सासूसासरे भारतातून आले होते, ते परत जाणार तोवर २२ मार्चपासून भारताने आंतरराष्ट्रीय विमानं बंद केली. सासऱ्यांना मधुमेह. सरकार सांगत होतं बाहेर कमीत कमी पडा. कमी खेपा करायच्या तर प्रत्येक खेपेला जास्त आणावंच लागणार ना? शिवाय मुलं शाळेत जेवायची, आम्ही ऑफिसात. ती सगळी जेवणं घरात आली. कणीक पूर्वी महिनाभर पुरायची, ती आता निम्म्यात संपायला लागली. इंडियन स्टोअरच्या बाहेर रांग, आत माणशी एक कणकेची पिशवी. मी आणि नवरा वेगवेगळे उभे राहून दोन घेतल्या. याला कोणी साठेबाजी म्हटलं तर म्हणू दे.

टॉयलेट पेपरचंही तेच. जॉर्जिया-पॅसिफिक या कंपनीचा अंदाज होता की सगळे दिवसभर घरी राहिले तर घरातला वापर ४० टक्क्यांनी वाढतो. ऑफिस, हॉटेल, शाळा यांच्यासाठी बनतो तो कागद निराळा, रोल मोठे, कारखान्यातल्या यंत्रांची मांडणी वेगळी, माल पोचवणारेही वेगळे. तो इकडे वळवायला वेळ लागणारच. लोकांना वेडं म्हणणं सोपं आहे. त्यांच्या घरातली गरज खरोखरच वाढली होती.

शेवंती_लेस्टर

@गव्हाची_ओंबी, पूर्ण सहमत. तुम्ही मांडलंत ते माझ्या मूळ लेखात हवं होतं इतकं महत्त्वाचं आहे.

पिठाचं उदाहरण देते. ब्रिटनमध्ये गिरण्यांतून निघणाऱ्या पिठातलं जेमतेम ४ टक्के दुकानांतून विकलं जातं. बाकीचं बेकऱ्या, बिस्किटांचे कारखाने, हॉटेलं यांच्याकडे मोठ्या पोत्यांतून आणि टँकरमधून जातं. मार्चमध्ये सगळा देश घरी पाव भाजायला लागला. गिरण्या रात्रंदिवस चालू होत्या, गहू होता, पीठ होतं. दीड किलोच्या पिशव्या भरणारी यंत्रं मात्र थोडी होती. तो अडथळा पार होईपर्यंत आमच्या दुकानात पिठाच्या जागी पाटी. काही सुपरमार्केटांनी मग बेकरी विभागासाठीचं पीठ साध्या पिशव्यांत भरून विकलं. गिऱ्हाइकं विचारायची, "पीठ कुठे लपवलंय?" लपवलेलं काही नव्हतं, पण हे दारात उभं राहून प्रत्येकाला समजावणार कोण?

जुनाजाणता

मी सत्तरी पार केलेला माणूस. १९७२ चा दुष्काळ मराठवाड्यात अनुभवलाय. रेशनवर अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी मिळायची, तिची भाकरी नीट थापली जायची नाही. रांगेत उभं राहायचं, कार्ड दाखवायचं, शिक्का मारून घ्यायचा. धान्य वाईट होतं पण एक खात्री होती, शेवटच्या माणसालाही त्याचं माप मिळणार. नेहमी मिळायचंच असं नाही, दुकानदार लबाडीही करायचे. तरी पुढच्याने माझं पळवलं असं वाटत नसे, कारण पुढच्यालाही तेवढंच.

करोनात नातू म्हणाला, आबा, माणशी तीन वस्तूंची मर्यादा म्हणजे दुकानाची दादागिरी. मी त्याला सांगितलं, मर्यादा पहिल्या दिवशीच लावली असती तर ही पळापळ झालीच नसती. आधी लुटू दिलं आणि मग मर्यादा, तर लोकांना तीही संकटाचीच खूण वाटते.

घाटमाथा

जुनाजाणता आबा, +१. असेच लिहीत राहा.

पिंपळपान_बर्लिन

थोडी भर. मार्च २०२० च्या शेवटच्या आठवड्यात युरोप-अमेरिकेतल्या हजारभर लोकांना टॉयलेट पेपर किती घेतला, किती साठवला हे विचारून एक अभ्यास झाला, जूनमध्ये प्लॉस वन या नियतकालिकात आला. ज्यांना करोनाची भीती जास्त त्यांनी जास्त साठवलं. मुळात नीटनेटक्या, पुढचा विचार करून वागणाऱ्या लोकांचा कलही साठवण्याकडे. राजकीय मतांचा काही संबंध दिसला नाही. पण हे सगळं धरूनही माणसामाणसांतल्या फरकाचा जेमतेम १२ टक्के उलगडा झाला, असं संशोधकांनीच लिहिलंय. म्हणजे "साठेबाज स्वभावाची माणसं" असा एक वेगळा गट काढून दाखवणं त्यांनाही जमलं नाही. शेवंती म्हणतेय त्याला हे धरूनच आहे.

जर्मनीत दुकानात शिरायचं तर ट्रॉली घेणं कित्येक ठिकाणी सक्तीचं होतं. ट्रॉल्या जेवढ्या तेवढीच माणसं आत, आणि ट्रॉलीच्या लांबीमुळे अंतरही आपोआप. मला ही युक्ती फार आवडली, कोणावर ओरडावं लागत नाही.

शापोरा

गोव्याचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. आमच्याकडे जनता कर्फ्यूनंतर बंद तसाच वाढवत नेला, आणि सुरुवातीचे दिवस किराण्याची दुकानंही बंद. घरपोच सामान देऊ असं सांगितलं गेलं, पण ते गावागावात पोचत नव्हतं. गोव्यात साठा करायची फारशी सवय नाही. पाव रोज दारात येतो, मासे रोज बाजारातून. त्यामुळे ज्या घरांत तांदळाचा डबा भरलेला होता ती तरली, बाकीची शेजाऱ्यांवर. दुकानं उघडली त्या दिवशी म्हापशात जी गर्दी झाली ती मी जन्मात पाहिली नव्हती. त्या गर्दीला शिस्त नाही म्हणून नावं ठेवणारे लेख आले. दुकानं बंद ठेवायचा निर्णय मात्र गर्दीने घेतलेला नव्हता. उपाशी ठेवून मग रांगेची अपेक्षा करायची हे मला पटत नाही.

काउंटर_नंबर_चार

बरेच दिवस नुसता वाचतो, आज लिहितो. मी ठाण्यातल्या एका सुपरमार्केटात बिलिंगला होतो. राहायला भिवंडीत.

लोकल बंद. १५ जूनला सुरू झाली ती सरकारी, पालिकेच्या, रुग्णालयाच्या अत्यावश्यक कर्मचाऱ्यांसाठी. आम्ही अत्यावश्यक सेवेत होतो पण लोकलमध्ये चढायला नव्हतो. मी सायकलने जायचो. वाटेत नाक्यावर पोलीस अडवायचे, दुकानाचं पत्र दाखवायचं, कधी सोडायचे, कधी परत फिरवायचे. उशीर झाला की अर्धा दिवस कापला जायचा. आमच्याबरोबरच्या दोन मुलांना खोलीमालकाने खोली सोडायला लावली, का तर दिवसभर लोकांमध्ये असतात.

गिऱ्हाइकांचं विचाराल तर दोन्ही पाहिले. एक साहेब नोटा चिमट्यात धरून टाकायचे आणि सुट्टे परत घ्यायचे नाहीत, तुझ्या हाताचे नकोत म्हणायचे. सगळ्या रांगेसमोर. एक ताई मास्क हनुवटीवर ओढून फोनवर बोलत माझ्या तोंडासमोर उभ्या. मी मास्क वर घ्या म्हटलं तर मॅनेजरकडे तक्रार. मॅनेजरने मलाच माफी मागायला लावली. घरी आजारी आई होती माझी, ती भीती रोज घेऊन जायचो.

आणि एक काका होते, दर वेळी सामान पट्ट्यावर बारकोड माझ्याकडे करून लावायचे, म्हणजे मला कमी वस्तू हाताळाव्या लागतील. कोणी सांगितलं नव्हतं त्यांना. जाताना बिस्किटाचा पुडा ठेवून जायचे.

टाळ्या वाजवल्या, थाळ्या वाजवल्या, त्या डॉक्टर-पोलिसांसाठी. वाजवायलाच हव्यात. आमचं नाव त्यात कोणी घेतलं नाही.

निशिगंध७

@काउंटर_नंबर_चार, तुमचं नाव आज इथे घेतलंय असं समजा. खोली सोडायला लावलेल्या त्या मुलांचं पुढे काय झालं?

काउंटर_नंबर_चार

एक गावी चालत निघाला, जौनपूरकडचा होता, नाशिकच्या पुढे ट्रक मिळाला त्याला. दुसरा दुकानाच्या मागच्या खोलीत झोपायचा. शेवंतीताई म्हणतायत ती खोली, बेताची असते ती.

शेवंती_लेस्टर

काउंटर_नंबर_चार, तुम्ही लिहिलंत हे फार चांगलं झालं. इकडे गुरुवारी रात्री आठला लोक दारात येऊन टाळ्या वाजवायचे, त्यात पुढे दुकानातल्या नोकरांचीही नावं घेतली जायची. पण त्याच शुक्रवारी अंड्यांची मर्यादा सांगितली म्हणून माझ्या सहकाऱ्याच्या अंगावर बॉक्स फेकला गेला. दुकानात मास्क सक्तीचे झाले २४ जुलैला, लॉकडाउन लागल्यानंतर चार महिन्यांनी. तोवर आमच्यात आणि गिऱ्हाइकात काउंटरपाशी एक प्लॅस्टिकचा पडदा, आणि शेल्फांच्या गल्लीत तोही नाही. जमिनीवर एकदिशा बाण चिकटवले होते. बहुतेक माणसं पहिले काही आठवडे निमूटपणे पाळायची, मग एक वस्तू विसरली की उलटं चालत यायची, आणि एक उलटा आला की त्याच्यामागे दुसरा.

मर्यादा लोकांनी पाळली का असं मला निरोपातून एकाने विचारलंय. बहुतेकांनी पाळली. कुटुंबं वेगवेगळ्या रांगांत उभी राहायची हे खरं, पण सहा जणांच्या घराला आणि एकट्या माणसाला एकच मर्यादा लावणं हेही चूकच होतं. रात्रीच्या पाळीला मी कोणाला अडवायचे नाही, मला तेवढा अधिकारही नव्हता. विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांपलीकडे काम करता येत नाही, त्यामुळे मॅनेजर विनवत असतानाही जास्त पाळ्या घेता आल्या नाहीत.

डिसेंबर २०२० मध्ये परीक्षा झाली म्हणायला हवी. २० डिसेंबरला फ्रान्सने सीमा बंद केली, इंग्लंडच्या केंट परगण्यात ट्रकच्या रांगा लागल्या, नाताळ तोंडावर. लगेच पुन्हा फोटो फिरायला लागले. या वेळी टेस्कोसारख्या सुपरमार्केट साखळ्यांनी टॉयलेट रोल, अंडी, तांदूळ, साबण यांवर ताबडतोब मर्यादा घातली. गर्दी झाली, पण मार्चसारखी शेल्फं उघडी पडली नाहीत. माणसं तीच होती. फरक होता तो मर्यादा वेळेवर लागण्याचा, आणि नऊ महिन्यांत लोकांना कळून चुकलं होतं की माल परवा येतोच.

अनिकेत_मेलबर्न

एक विचारतो. त्या राखीव तासात परिचारिकांना खरंच यायला जमायचं का? आमच्याकडे ७ ते ८ म्हणजे नेमकी पाळी बदलायची वेळ.

शेवंती_लेस्टर

@अनिकेत, तीच अडचण इथेही होती. ब्रिटनमध्ये वृद्धांसाठी आणि आरोग्यसेवकांसाठी वेगवेगळे तास ठेवले गेले, पण बहुतेक सकाळचेच. ज्यांची पाळी रात्री संपते त्यांना ओळखपत्र दाखवून रांगेत पुढे सोडायची पद्धत काही दुकानांनी सुरू केली, तिचा उपयोग तासापेक्षा जास्त झाला. आमच्याकडे तर संध्याकाळच्या पाळीवरच्या एका बाईंनी मॅनेजरशी भांडून रात्रीसाठी दूध आणि ब्रेडचा एक केज मागेच राखून ठेवायला लावला. गणवेशातलं कोणी आलं की त्यातून द्यायचा. तो केज रात्री साडेनऊनंतर मी बाहेर काढायचे, आणि त्याच्या प्लॅस्टिकला मी सुरी लावेपर्यंत कोणीही हात लावला नाही.